संसदेच्या नोंदी ऑनलाइन सापडत नाहीत? विषय बाजूला ठेवा, आधी तारीख काढा

गिरणी कामगारांच्या घरांसाठी झटणारे कार्यकर्ते, राज्यशास्त्राचे विद्यार्थी, लोकलच्या प्रश्नांवर बातम्या करणारे तरुण पत्रकार... मुंबईत या सगळ्यांची एकच तक्रार कानावर येते. ‘संसदेत यावर बोलणं झालं होतं, पेपरात आलं होतं, पण साइटवर शोधलं तर काहीच येत नाही.’ मग माणूस वैतागून सोडून देतो, किंवा कुठल्या तरी फॉरवर्डवर विश्वास ठेवतो. हे दुसरं मला जास्त खटकतं, कारण नोंद बहुतेक वेळा तिथेच असते आणि ती कुणालाही फुकट वाचता येते.

अडचण अशी की आपण शोध विषयापासून सुरू करतो आणि संसदेचं दप्तर विषयवार लावलेलंच नाही. ते लावलंय सभागृह, अधिवेशन आणि तारीख या क्रमाने. चाळीत शिरून नुसतं ‘पाटील कुठे राहतात’ विचारलं तर दहा दारं दाखवतील. मजला आणि खोली नंबर सांगितला की थेट पोचता. तसंच हे. शोधपेटीत शब्द टाकण्याआधी तारीख हातात असली पाहिजे. पूर्ण तारीख नसली तर निदान महिना, तोही नसला तर अधिवेशन.

दुवा उघडतच नाही

हे चटकन सुटतं. लोकसभा आणि राज्यसभा यांची जुनी संकेतस्थळं एनआयसी या सरकारी संगणक केंद्राच्या वेगवेगळ्या पत्त्यांवर होती. आता दोन्ही सभागृहं ‘संसद डॉट इन’ या एकाच पोर्टलवर आहेत. राजपत्राची, म्हणजे सरकारी गॅझेटची, साइटही ‘एनआयसी डॉट इन’वरून ‘गव्ह डॉट इन’वर गेली आहे. त्यामुळे पुस्तकांच्या तळटिपांतले आणि जुन्या बातम्यांतले दुवे मेलेले असतात. कागद काढून टाकला असा निष्कर्ष काढू नका. तो जुना दुवा जुनी वेबपानं जपून ठेवणाऱ्या वेबॅक मशीनमध्ये टाकून पाहा. मूळ पीडीएफ मिळाली नाही तरी पानावरची तारीख आणि प्रश्न क्रमांक अनेकदा वाचता येतो. तेवढं घेऊन नव्या पोर्टलवर जा.

काय कुठे बघायचं हेही इथेच सांगतो. अलीकडची प्रश्नोत्तरं, विधेयकं, कामकाजाच्या याद्या संसद पोर्टलवर. जुन्या चर्चांचे खंड, समित्यांचे अहवाल, स्वातंत्र्यापूर्वीच्या केंद्रीय विधिमंडळाचं कामकाज संसदेच्या डिजिटल लायब्ररीत. राज्यसभेच्या जुन्या चर्चांचा संग्रह वेगळा आहे. कायद्याचा आजचा मजकूर इंडिया कोड या सरकारी साइटवर, छापून प्रसिद्ध झालेला मूळ मजकूर राजपत्रात. हे कप्पे एकमेकांशी नीट जोडलेले नाहीत. एका ठिकाणी नाही म्हणजे कुठेच नाही, असं समजू नका.

विषय माहीत आहे, तारीख माहीत नाही

इथे सगळ्यात जास्त लोक अडकतात, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत करून पाहू.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतला गिरणी संप सुरू झाला. पुढच्या वर्षी केंद्र सरकारने मुंबईतल्या १३ गिरण्यांचं व्यवस्थापन ताब्यात घेतलं. त्यावर संसदेत काय बोललं गेलं, हे गिरणगावातल्या कुणालाही जाणून घ्यावंसं वाटणारच. पण ‘मुंबई’, ‘गिरणी’, ‘मिल’, ‘संप’ असे शब्द टाकून शोधलंत तर हाती फारसं लागणार नाही. कायद्याचं अधिकृत नाव आहे ‘टेक्स्टाइल अंडरटेकिंग्ज टेकिंग ओव्हर ऑफ मॅनेजमेंट ॲक्ट, १९८३’. त्यात गिरणी नाही, संप नाही, शहराचं नावही नाही. आणि १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या इंग्रजी नोंदींत शहर ‘बॉम्बे’ असतं, मुंबई नव्हे.

आता तारखेकडून या. हा कायदा म्हणजे १९८३ सालचा ४० क्रमांकाचा अधिनियम. त्याआधी अध्यादेश (संसद बसलेली नसताना राष्ट्रपती काढतात तो तात्पुरता कायदा) निघाला होता, १८ ऑक्टोबर १९८३ रोजी. अधिनियमाला १९८३चा क्रमांक मिळाला म्हणजे राष्ट्रपतींची संमती त्याच वर्षात मिळाली. म्हणजे दोन्ही सभागृहांतली चर्चा १८ ऑक्टोबर ते ३१ डिसेंबर १९८३ यांच्या मध्येच झाली असणार. या काळात बसतं ते हिवाळी अधिवेशन. लोकसभा कोणती? १९८० ते १९८४ची, सातवी. इतकी माहिती मिळाली की शोध काही आठवड्यांच्या कामकाजावर येऊन थांबतो, आणि तेवढ्या दिवसांच्या अनुक्रमणिका चाळणं एका संध्याकाळचं काम आहे.

अनुक्रमणिका चाळताना एक खाच लक्षात ठेवा. अध्यादेशाच्या जागी विधेयक येतं, तेव्हा विरोधी सदस्य बहुधा अध्यादेश नामंजूर करण्याचा ठराव मांडतात. त्याला वैधानिक ठराव म्हणतात. तो ठराव आणि विधेयक यांची चर्चा एकत्र होते, आणि नोंदीत शीर्षक ‘स्टॅच्युटरी रेझोल्युशन’ या शब्दांनी सुरू होतं. विधेयकाचं नाव मागाहून येतं. फक्त विधेयकांच्या मथळ्याखाली बघणाऱ्याच्या नजरेतून ही चर्चा हमखास निसटते.

याच विषयात आणखी एका ठिकाणी लोक थांबतात. सदस्यवार शोधात गिरणी संपाचे नेते डॉ. दत्ता सामंतांचं नाव घालतात, १९८३ निवडतात, आणि यादी रिकामी येते. येणारच. सामंत लोकसभेवर निवडून आले ते १९८४च्या अखेरच्या निवडणुकीत. म्हणजे त्यांची भाषणं आठव्या लोकसभेच्या नोंदींत मिळतील. मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर या दोघी मुंबईतून १९७७ साली निवडून आल्या, म्हणून त्यांच्यासाठी सहावी लोकसभा उघडा. नाव शोधताना फक्त आडनाव टाकावं. मधलं नाव, आद्याक्षरं, ‘श्रीमती’, ‘डॉक्टर’ हे कुठे कसं लिहिलंय याचा भरवसा नसतो, आणि इंग्रजी स्पेलिंगही एकच असेल असं नाही.

तारीख काढायला सोपा आधार म्हणजे त्या काळची वर्तमानपत्रं. बातमी ज्या दिवशी छापून आली त्याच्या आदल्या दिवशीचं कामकाज उघडा. २००५नंतरच्या विधेयकांसाठी पीआरएस लेजिस्लेटिव्ह रिसर्च या अभ्यास संस्थेच्या पानांवर विधेयक कधी मांडलं, समितीकडे कधी गेलं, कोणत्या सभागृहात कधी मंजूर झालं हे एका जागी मिळतं. मी नव्या विधेयकासाठी आधी तिथूनच तारखा घेतो आणि मग मूळ नोंदीकडे जातो. सारांशावर मात्र थांबू नये; सभागृहात कोण काय बोललं हे मूळ नोंदीतच वाचावं.

क्रमांक आहे, तरी भलताच कागद उघडतो

विधेयकाचा क्रमांक आणि कायद्याचा क्रमांक वेगळे असतात. सालही वेगळं असू शकतं. माहिती अधिकाराचं विधेयक डिसेंबर २००४ मध्ये लोकसभेत मांडलं गेलं, म्हणून विधेयकांच्या यादीत ते २००४खाली आहे. मंजूर झालं मे २००५ मध्ये, आणि कायदा झाला २००५चा २२वा. २००५च्या विधेयकांत ते शोधत बसलात तर सापडणार नाही. राज्यसभेत मांडलेल्या विधेयकांचे क्रमांक रोमन आकड्यांत छापतात, हेही माहीत असू द्या.

घटनादुरुस्तीत तर हा गुंता फार वाढतो. महिला आरक्षणाचं घ्या. १९९६ साली ८१वं घटनादुरुस्ती विधेयक, १९९८ साली ८४वं, १९९९ साली ८५वं, २००८ साली १०८वं, आणि २०२३ साली १२८वं. यातलं शेवटचं मंजूर झालं आणि १०६वी घटनादुरुस्ती ठरलं. म्हणजे ‘८१वी घटनादुरुस्ती’ असं शोधलंत तर या विषयाशी संबंध नसलेला कायदा समोर येईल. विधेयकाचा क्रमांक मांडतानाच मिळतो, दुरुस्तीचा क्रमांक ती पार पडल्यावर.

मधली विधेयकं कुठे गेली, हा पुढचा प्रश्न. याचं उत्तर राज्यघटनेच्या अनुच्छेद १०७ मध्ये आहे. लोकसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेली विधेयकं व्यपगत (‘लॅप्स’) होतात, म्हणजे आपोआप संपतात, आणि लोकसभेने मंजूर करून राज्यसभेत अडकलेलीही. पण राज्यसभेत मांडलेलं आणि लोकसभेपर्यंत न पोचलेलं विधेयक टिकतं. म्हणूनच २००८चं विधेयक राज्यसभेत मांडलं गेलं होतं ते २००९च्या विसर्जनातून वाचलं, ९ मार्च २०१० रोजी राज्यसभेत मंजूर झालं, लोकसभेत पुढे सरकलं नाही आणि २०१४ मध्ये पंधराव्या लोकसभेबरोबर संपलं. शोधताना ‘लॅप्स्ड’ हा पर्याय निवडायला विसरू नका. नुसती मंजूर आणि प्रलंबित विधेयकं बघणाऱ्याला हा सगळा इतिहास दिसतच नाही. १९९६च्या विधेयकावर गीता मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखालच्या संयुक्त समितीने दिलेला अहवाल वाचायचा असेल, तर तो चर्चांमध्ये शोधू नका. समित्यांच्या अहवालांचा कप्पा स्वतंत्र आहे.

अधिवेशनांचे क्रमांकही दोन सभागृहांत वेगळ्या पद्धतीने चालतात. लोकसभेत प्रत्येक नव्या लोकसभेबरोबर पुन्हा एकपासून मोजणी. राज्यसभा कधी विसर्जित होत नाही, म्हणून तिथे १९५२पासून मोजणी सलग. २०१९चं हिवाळी अधिवेशन लोकसभेसाठी सतराव्या लोकसभेचं दुसरं होतं, तर राज्यसभेसाठी २५०वं. फॉर्ममध्ये एका सभागृहाचा क्रमांक दुसऱ्यात घातला की रिकामं पान येतं.

सभागृहच चुकलं

हिंदूंच्या विवाह-वारशाचे कायदे सुधारू पाहणाऱ्या हिंदू कोड बिलावर बाबासाहेब काय बोलले, हे अनेकजण संविधान सभेच्या चर्चांमध्ये शोधतात. संविधान सभेच्या चर्चांचे १२ खंड आहेत, ९ डिसेंबर १९४६ ते २४ जानेवारी १९५०. पण हीच सभा १९४७च्या नोव्हेंबरपासून कायदे करणारं मंडळ म्हणूनही बसत होती, आणि त्या बैठकांची नोंद वेगळी ठेवली गेली. तिथे ‘कॉन्स्टिट्युअंट असेंब्ली’पुढे ‘लेजिस्लेटिव्ह’ असा शब्द लावलेला असतो. हिंदू कोड बिलाची आधीची चर्चा तिथे, आणि १९५०-५१ची चर्चा हंगामी संसदेच्या (पहिल्या निवडणुकीआधीच्या संसदेच्या) नोंदींत. लोकसभा आणि राज्यसभा या नावांची दालनं उघडून उपयोग नाही; त्यांची पहिली बैठकच १३ मे १९५२ रोजी झाली.

ऑक्टोबर १९५१ मधलं त्यांचं राजीनाम्याचं निवेदन शोधणाऱ्यांना कामकाजात ते भाषण म्हणून मिळत नाही. कारण सभागृहात ते वाचलंच गेलं नाही. आधी प्रत द्या असा आग्रह अध्यक्षस्थानावरून झाला, बाबासाहेब बाहेर पडले आणि निवेदन त्यांनी वर्तमानपत्रांकडे दिलं. त्या दिवशीच्या नोंदीत हा प्रसंग वाचा. निवेदनासाठी आणि एकूण हिंदू कोड बिलासाठी महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा १४वा खंड हाताशी ठेवा. संसदेच्या नोंदीत एखादी गोष्ट नसणं हीसुद्धा माहितीच असते, फक्त ती का नाही हे समजून घ्यावं लागतं.

सभागृह चुकण्याचा मुंबईतला नेहमीचा प्रकार आणखी एक आहे. भाडे नियंत्रण, झोपडपट्टी पुनर्वसन, म्हाडा, महापालिका हे राज्याचे कायदे आहेत. त्यांच्या चर्चा दिल्लीत नाहीत, नरिमन पॉइंटला आहेत. त्यासाठी महाराष्ट्र विधानमंडळाचं संकेतस्थळ बघा. रेल्वे, बंदराची जमीन, राष्ट्रीय वस्त्रोद्योग महामंडळाच्या गिरण्या, विमानतळ हे मात्र संसदेत सापडेल.

प्रश्न सापडला, उत्तर मिळत नाही

लोकसभेत एका दिवसाच्या यादीत २० तारांकित (सभागृहात तोंडी उत्तराचे) आणि २३० अतारांकित (फक्त लेखी उत्तराचे) प्रश्न असू शकतात, राज्यसभेत १५ आणि १६०. ठरावीक मंत्रालयांचे प्रश्न आठवड्याच्या ठरावीक दिवशी येतात. म्हणून मंत्रालय कळलं की अर्धे दिवस आपोआप गळतात. मात्र मंत्रालयांची नावं बदलत राहतात. मुंबई बंदराच्या जमिनीवरचे आजचे प्रश्न ‘पोर्ट्स, शिपिंग अँड वॉटरवेज’खाली असतील, २०२० च्या नोव्हेंबरआधीचे ‘शिपिंग’खाली. नगरविकासाचं नाव २०१७ मध्ये बदललं, मनुष्यबळ विकासाचं २०२० मध्ये शिक्षण झालं. शोध रिकामा आला तर त्या वर्षी मंत्रालयाचं नाव काय होतं ते आधी बघा. आणि प्रश्न क्रमांक प्रत्येक अधिवेशनात नव्याने सुरू होतात, त्यामुळे तारखेविना ‘अतारांकित प्रश्न क्रमांक अमुक’ एवढ्याने काही होत नाही.

तारांकित प्रश्नाची पीडीएफ म्हणजे मंत्र्याचं लेखी उत्तर. त्यावर सभागृहात जे उपप्रश्न विचारले गेले आणि मंत्री जे तोंडी बोलले, ते त्या दिवशीच्या चर्चेच्या नोंदीत असतं. खरी झटापट तिथे असते. पीडीएफ वाचून थांबणाऱ्याच्या हाती ती लागत नाही. आपल्या खासदाराने स्थानकावरच्या पुलाचा किंवा फेरीबोटीचा मुद्दा शून्य प्रहरात (तातडीचे मुद्दे मांडायच्या वेळेत) किंवा लोकसभेच्या नियम ३७७खाली मांडला असेल, तर तोही प्रश्नांच्या शोधात येणार नाही. चर्चेतच बघा.

आणि मग ते नेहमीचं वाक्य: ‘माहिती गोळा करण्यात येत असून सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.’ बहुतेकजण इथे कपाळाला हात लावतात आणि पान बंद करतात. कृपा करून करू नका. असं उत्तर म्हणजे सरकारने सभागृहाला दिलेलं आश्वासन. दोन्ही सभागृहांत शासकीय आश्वासन समित्या आहेत, आणि आश्वासन पुरं करायला साधारण तीन महिन्यांची मुदत असते. पुढे संसदीय कार्य मंत्रालय पूर्ततेचा अहवाल पटलावर ठेवतं. या आश्वासनांचा माग ठेवणारी ऑनलाइन यंत्रणाही त्याच मंत्रालयाची आहे. मूळ प्रश्नाची तारीख आणि क्रमांक घेऊन तिथे शोधा. खरं उत्तर वर्षभराने मिळालेलं असू शकतं, पण ते छापील आणि अधिकृत असतं. तेही नसेल तर आश्वासन समितीच्या अहवालात ते प्रलंबित किंवा वगळलेलं म्हणून दिसेल. पत्रकाराला यातच बातमी मिळते.

मजकूर उघडला, पण वाचता येत नाही किंवा अर्धवट आहे

हिंदी भाषणाच्या जागी निरर्थक अक्षरं दिसली तर मजकूर युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये आहे. पानाची पीडीएफ किंवा छापील खंडाचं स्कॅन शोधा. जुन्या स्कॅनमध्ये शब्द शोधता येत नसेल तर पानं डोळ्यांनीच चाळावी लागतील. ‘मूळ आवृत्ती’त सदस्य हिंदी किंवा इंग्रजी ज्या भाषेत बोलला त्याच भाषेत छापतात, म्हणून इंग्रजी शब्द टाकून हिंदी भाषण मिळणार नाही. मराठीत केलेल्या भाषणाचं बहुधा भाषांतर छापलेलं असतं आणि मूळ भाषण मराठीत होतं अशी तळटीप असते.

ओळीच्या मध्ये फुल्या दिसल्या तर ते स्कॅन बिघडल्याचं लक्षण नव्हे. अध्यक्षांच्या आदेशाने ते शब्द कामकाजातून काढलेले असतात. लोकसभेत हा अधिकार नियम ३८०चा. त्याच दिवशी टाकलेली नोंद असंपादित असते, अंतिम नोंद नंतर येते. उद्धृत करताना अंतिम वापरा.

कायदा सापडला, पण तो लागू आहे का?

इंडिया कोडवर कायद्याचा मजकूर सुधारणांसह असतो, आणि रद्द झालेले कायदे चालू कायद्यांच्या यादीत दिसत नाहीत. त्या वेळी नेमकं काय मंजूर झालं हे हवं असेल तर राजपत्रच. असाधारण राजपत्रात भाग दोन उघडा: विभाग एकमध्ये अधिनियम, विभाग दोनमध्ये विधेयकं, विभाग तीनमध्ये नियम आणि अधिसूचना. कायदा लागू झाल्याची तारीख बहुधा या तिसऱ्या विभागात असते. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ला संमती मिळाली ऑगस्ट २०१९ मध्ये, पण त्याचा मोठा भाग अंमलात आला २० जुलै २०२०ला. मधल्या काळातल्या तक्रारीला १९८६चाच कायदा लागू होता. संमतीच्या तारखेवर थांबलेल्या माणसाचं इथे प्रत्यक्ष नुकसान होऊ शकतं.

तरीही काही नाही

साइटची स्वतःची शोधपेटी हट्ट करत असेल तर गूगलमध्ये ‘साइट’ आणि कोलन टाकून शोध त्या पत्त्यापुरता बांधा, आणि कायद्याचं पूर्ण इंग्रजी नाव अवतरणचिन्हांत द्या. राजपत्राच्या जुन्या अंकांचा मोठा साठा इंटरनेट आर्काइव्हवर आहे. मुंबईकरांना आणखी एक सोय आहे: फोर्टच्या टाउन हॉलमधलं सेंट्रल लायब्ररी. १९५४च्या ग्रंथ-प्रदान कायद्यानुसार देशात प्रकाशित होणाऱ्या पुस्तकांची प्रत ज्या मोजक्या ग्रंथालयांना मिळते, त्यांतलं हे एक. कालिन्याचं विद्यापीठाचं ग्रंथालयही आहे. जाण्याआधी फोन करून खंड उपलब्ध आहे का विचारा, आणि विचारताना सभागृह, लोकसभेचा क्रमांक, अधिवेशन, तारीख हे चारही सांगा. ग्रंथपालाला यातलं काही माहीत नसेल तर तोही तुमच्याइतकाच अडकतो.

सापडलेल्या प्रत्येक कागदावर हेच चार तपशील, शिवाय स्तंभ किंवा पान क्रमांक, लगेच लिहून ठेवा आणि पीडीएफ स्वतःकडे उतरवून घ्या. दुव्यावर विसंबू नका. तो पुन्हा बदलू शकतो. मदत मागायची असेल तरी याच क्रमाने मागा: काय हवं आहे, कोणत्या काळातलं, कोणत्या दालनात शोधलं, काय टाकून शोधलं. एवढं लिहिलंत तर उत्तर देणाऱ्याचा अर्धा वेळ वाचेल.